लठ्ठपणा प्रतिबंधासाठी सरकारी निधी मागताय? या चुका टाळा

असे अर्ज छाननीला आले की मी आधी उद्दिष्टांचं पान उघडतो. तिथे बऱ्याचदा एक वाक्य भेटतं: 'वर्षभरात वस्तीतल्या मुलांचं वजन कमी करू.' इथेच निम्मा अर्ज पडतो. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उंचीबरोबर वाढायलाच हवं. अडवायची असते ती जास्तीची वाढ, आणि ती तुलनेशिवाय दिसत नाही.

अमेरिकेत समरव्हिल या शहरात २००२ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी असा उपक्रम सुरू झाला. शाळेतलं जेवण, शाळेचा पायी रस्ता, शाळा सुटल्यावरचे खेळ, हॉटेलांतले पदार्थ, सगळीकडे एकदम हात घातला गेला. टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उपक्रम नसलेली दोन गावं तुलनेला घेतली होती. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर वयानुसार काढलेला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, घटलेला दिसला, तोही थोडासाच. एवढी सगळी यंत्रणा हलवून फरक एवढा पडतो, हे ध्यानात ठेवून आकडा लिहा.

मग पहिल्या वर्षी दाखवायचं काय? किती मुलं पायी शाळेत येतात, किती जण रोज गोड पेय पितात, मैदान संध्याकाळी किती तास उघडं असतं. फक्त ही मोजणी काम सुरू व्हायच्या आधी एकदा करून ठेवा. उद्घाटनाच्या गडबडीत ती राहून गेली, की शेवटच्या अहवालात फोटो सोडून काही उरत नाही.

दुसरी चूक खर्चाच्या तक्त्यात असते. फलक, टोप्या, पत्रकं, मेळावा. संध्याकाळी मुलांना खेळवणाऱ्या माणसाच्या मानधनाला मात्र शून्य. लोकांना व्यायाम चांगला असतो हे ठाऊक असतं हो! अडचण असते ती अंधाऱ्या रस्त्याची, कुलूपबंद मैदानाची.

गोड पेयांवरच्या कराचा पैसा हक्काचा समजू नका. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदानाने असा कर मंजूर केला. पण ती रक्कम शहराच्या सर्वसाधारण निधीत जमा होते; तज्ज्ञांची समिती शिफारस करते आणि वाटप नगर परिषद ठरवते. फिलाडेल्फियात तर अशा कराचा मोठा वाटा बालवाड्यांना जातो. शिवाय कर लागू पडला की विक्री घटते, आणि विक्री घटली की उत्पन्नही. पगार अशा पैशावर बेतणार असाल तर दुसरा आधार आधी शोधा.

'आधी खर्च करा, मग बिलं द्या' अशी अट असेल तर पहिले काही महिने कोणाच्या खिशातून चालणार, हे अर्ज भरतानाच ठरवा. चांगल्या संस्था इथे अडकलेल्या पाहिल्या आहेत.

शेवटची चूक तक्त्यात दिसत नाही. वर्गात सगळ्यांसमोर काटा ठेवायचा, एकेकाला उभं करायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. मागून कोणीतरी हसतं, आणि पुढच्या मोजणीला ते मूल नेमकं गैरहजर! म्हणजे ज्याच्यासाठी पैसा मागितला, तेच नोंदीतून गळतं. एका अर्जात मात्र साहित्याच्या यादीत काट्याखालीच 'आडोशासाठी पडदा, एक नग' असं लिहिलं होतं. मी त्यावर पेन्सिलीने खूण करून अर्ज वरच्या गठ्ठ्यात ठेवला.