आफ्रो केसांचं रुटीन सुरू करताना आधी काय करायचं

नवीन रुटीन सुरू करणाऱ्या ब्लॅक बायकांचं पहिलं रडगाणं ठरलेलं असतं, माझे केस वाढतच नाहीत. वाढतात हो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, आफ्रो केस, म्हणजे बारीक घट्ट वळणांचे केस, कदाचित जरा कमी, पण वाढतात. मुळातून जेवढे येतात तेवढेच टोकाकडून तुटून जातात म्हणून लांबी जिथल्या तिथे दिसते, आणि त्यात श्रिंकेज, म्हणजे आखडणं, ओले असताना खांद्याला टेकणारे केस वाळले की कानाशी येऊन बसतात. म्हणजे काम आहे ते तुटणं थांबवायचं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की 'ग्रोथ' लिहिलेल्या निम्म्या बाटल्या घ्यायच्या वाचतात.

तुटतात का, तर या केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा लंबगोल असतो, आणि मूळच वाकडं असल्यामुळे केस वळणं घेत वर येतो. प्रत्येक वळण ही कमजोर जागा. शिवाय स्काल्पचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, इथे ते वळणावळणाला अडकतं, म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकं सुकून कडक अशी अवस्था होते.

केस किती कुरळे ते सांगणाऱ्या ४ए, ४बी, ४सी वगैरे नंबरांच्या मागे फार लागू नका. ओप्रा विन्फ्रीचा हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर याच्या पद्धतीवरून ते आले, नंतर लोकांनी त्यात भर घातली, बोलायला सोयीचे आहेत, पण एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार आरामात सापडतात. त्यापेक्षा शॉवरखाली केस भिजायला आणि नंतर वाळायला किती वेळ लागतो ते बघा. पाणी वरच्यावर थेंबासारखं उभं राहत असेल तर पोरॉसिटी, म्हणजे पाणी आत घ्यायची क्षमता, कमी, अशा केसांवर जड क्रीम नुसतं थर धरून बसतं. झटकन भिजून झटकन वाळत असतील तर ओलावा टिकत नाहीये, तिथे जाड क्रीम चालतं. केस बुडतो का तरंगतो हे ग्लासभर पाण्यात टाकून बघायची पोरॉसिटी टेस्ट सोडून द्या, केसाला तेल लागलेलं असलं की तो तरंगतोच.

आता वॉश डे, म्हणजे केस धुवायचा दिवस, खरं रुटीन इथेच आहे. आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुवा, अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञही अशा केसांना साधारण हेच सांगतात. रोज धुतलं तर कोरडे पडतील, आणि महिना महिना धुतलंच नाही तर क्रीम, तेल, घाम सगळं साचून खाज सुटेल. शाम्पू स्काल्पला लावायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचा, लांबीला खाली वाहून जाणारा फेस पुरतो.

गुंता सोडवणं मात्र घाईत करायचं काम नाही, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. केसांचे सहा-आठ भाग करा, क्लिपा लावा, एका वेळी एकच भाग मोकळा. तो चांगला ओला हवा आणि कंडिशनर इतका हवा की बोटं घसरली पाहिजेत, घसरत नसतील तर अजून पाणी, अजून कंडिशनर. आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवायच्या मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही खालून, टोकाचा दोन बोटं भाग मोकळा झाला की जरा वर, मग अजून जरा वर, आणि गाठीच्या वर बट मुठीत धरून ठेवायची म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. झालेल्या भागाला लगेच सैल पीळ घालून टाका नाहीतर शेजारच्यात परत गुंततो. शेवटी हातात केसांचा गोळा येईल, तो बघून घाबरू नका, दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात आणि आठवडाभराचे ते इथे गुंत्यात अडकून बसलेले असतात. त्यातला एक उजेडात धरून बघा, एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळातून गळलेला, चालायचंच. ठिपका नसलेले आखूड तुकडेच जास्त असतील तर केस तुटतायत आणि हात हलका करायची गरज आहे.

मग ओल्या केसांवर लीव्ह-इन, म्हणजे न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर, त्यावर थोडं तेल (ऑइल), त्यावर क्रीम, या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून यालाच एलओसी म्हणतात. तेलानं ओलावा येत नाही, आत असलेला ओलावा धरून राहतो, म्हणून कोरड्या केसांवर नुसतं तेल थापलं की चमकतात पण कडकच राहतात. एरंडेलानं केस वाढतात याला ठोस पुरावा नाही, आवडत असेल तर टोकांना लावा. कोंडा असेल तर स्काल्पवर तेल नकोच, कोंड्यामागे असलेली यीस्ट त्यातल्या फॅटवरच जगते. तिथे औषधी शाम्पू, तोही फक्त स्काल्पला. प्रोटीन ट्रीटमेंटचं म्हणाल तर अति तिथे माती, केस ताठ आणि ठिसूळ लागायला लागले की थांबा.

रात्री झोपताना डोक्याला सॅटिनचं बॉनेट, म्हणजे सैल टोपी, किंवा सॅटिनचा अभ्रा. बास, एवढंच, पण रोज.

रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं केमिकल, लावायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, नोकरीत आणि शाळेत केसांवरून किती ऐकून घ्यावं लागतं ते बाहेरच्याला कळत नाही, कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये क्राउन अॅक्ट करून केसांवरून होणारा भेदभाव बेकायदेशीर ठरवावा लागला यातच काय ते आलं. फक्त माहिती असू द्या. २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या सिस्टर स्टडी नावाच्या आरोग्य अभ्यासाच्या निष्कर्षात, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकल्स वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर व्हायचा अंदाज ४.०५ टक्के निघाला आणि न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही, तरी मी असते तर दोनदा विचार केला असता. सोडायचं ठरवलं तर जुना सरळ केस आणि नवीन कुरळा केस जिथे जुळतात तिथे तो पटकन तुटतो, तेव्हा एकतर बिग चॉप, म्हणजे सरळ केलेला सगळा भाग एकदम कापून टाकणं, नाहीतर त्या जागेला फार जपत हळूहळू कापत जाणं.

बॉक्स ब्रेड्स, कॉर्नरोज, ट्विस्ट्स अशा वेण्यांनी आणि पिळांनी टोकं झाकली जातात हे खरं, पण घट्ट घातल्या तर त्याच केस खातात. घालतानाच दुखत असेल तर तिथल्या तिथे सांगा, 'दोन दिवसांत सैल होईल' हे ऐकून घेऊ नका. कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या आल्या तर वेण्या सोडायच्या, पैसे गेले तरी. सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि रिलॅक्स केलेल्या केसांवर जड वेण्या किंवा वीव्ह (जोडलेले वेगळे केस) तर नकोच, त्यात धोका सगळ्यात जास्त. ओढीनं गेलेले कडेचे केस लवकर लक्ष दिलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढ बसली की मुळंच मरतात.

टाळूच्या मधोमध केस विरळ होणं, तिथे आग किंवा टोचल्यासारखं वाटणं, तिथलेच केस तुटणं, यातलं काही दिसलं तर मात्र घरचे उपाय करत बसू नका. सीसीसीए नावाचा केसगळतीचा आजार ब्लॅक बायकांमध्ये जास्त दिसतो, त्यात आत व्रण होतो आणि गेलेले केस येत नाहीत, उरलेले वाचवता येतात, म्हणून सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना वेण्या, वीव्ह, विग सगळं काढून जा, स्काल्प दिसल्याशिवाय त्यांना काही कळणार नाही, आणि जे जे लावता त्या बाटल्यांच्या मागच्या लेबलांचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या.