काळ्या मातीत घर: खर्च कुठे वाढतो, कसा आवरायचा

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या मातीत घराचा बराच पैसा जमिनीखाली जातो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला तर भिंतींना तिरपे तडे जातात आणि मग कितीही प्लास्टर करा, उपयोग नाही. म्हणून ठेकेदाराशी बोलण्याआधीच प्लॉटच्या कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम (काळ्या मातीखालची कडक, खडेमिश्रित माती) किती फुटांवर लागतो ते पाहा. हिशेब त्यावरच धरा. जोत्यात खोदलेली काळी माती परत टाकू देऊ नका. मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकाला पाणी आणि धुमस (ठोकून दाबणे).

रेती पावसाळ्याआधी घ्या, पावसाळ्यात नदीवरचे रेतीघाट बंद असतात. ट्रॉली आतून मोजा: लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून १०० ने भागली की रेती किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) ते कळते.