रिपॉझिटरीत प्रबंध आहे, पण शोधात येत नाही? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या फलोत्पादनावर एक पीएच.डी. प्रबंध आहे, त्यात निफाडवर अख्खं प्रकरण आहे. महाविद्यालयाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन ग्रंथभांडारात, तो चढवलेला आहे, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात मोजलाही गेला आहे. पण पिंपळगावची विद्यार्थिनी शोधपेटीत ‘निफाड’ टाकते आणि निकाल शून्य येतो. त्या संशोधकाची चार-पाच वर्षांची मेहनत तिच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी डीस्पेसला, म्हणजे रिपॉझिटरी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोष दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा फाइल चढवण्याआधीच झालेली असते.

आधी नोटपॅडची परीक्षा घ्या

पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला दिसत नाही. काहीच कॉपी झालं नाही, तर तो नुसता स्कॅन आहे. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा आहे. प्रबंध युनिकोडमध्ये (यंत्राला वाचता येणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतात) असतो, पण पीडीएफ करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडतात, ‘निफाड’चा ‘नफाड’ होऊन बसतो.

तिन्हींवर उपाय एकच: ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातला मजकूर यंत्राकडून वाचून घेणं. स्कॅन ३०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडा, कारण संदर्भसूची हमखास मिश्र असते. पीडीएफवर ओसीआर करणारं ओसीआर-माय-पीडीएफ वापरत असाल तर जुन्या फॉन्टच्या फाइलवर ते ‘पानावर मजकूर आधीच आहे’ म्हणून थांबतं. तिथे ‘स्किप-टेक्स्ट’ पर्याय दिला, की चूक जशीच्या तशी राहते. ‘फोर्स-ओसीआर’ द्या, म्हणजे पानाचं चित्र करून मजकूर नव्याने वाचला जातो. मूळ फाइल मात्र टाकून देऊ नका, ती मर्यादित प्रवेशात जपा.

मजकूर नीट असूनही प्रबंधाची फक्त सुरुवातच शोधात येते का? डीस्पेस ७ च्या अलीकडच्या आवृत्त्या एका फाइलमधून मुळात १,००,००० अक्षरंच उचलतात. यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे तीनशे पानी मराठी प्रबंधाचा मोठा भाग बाहेर राहतो. टेक्स्ट-एक्स्ट्रॅक्टरची (मजकूर उचलणाऱ्या भागाची) ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते. वाढवल्यावर फिल्टर-मीडिया ही फाइलींतून मजकूर काढणारी आज्ञा ‘फोर्स’ पर्यायासह पुन्हा चालवा, नाहीतर जुन्या फाइलींना ती लागू होणार नाही. फिल्टर-मीडिया रोज रात्री आपोआप चालतं ना, हेही पाहून घ्या.

आमच्या मते प्रकरणनिहाय फाइली हा त्याहून चांगला मार्ग आहे. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध तसेच ठेवलेले आहेत. अक्षरमर्यादेची अडचण कमी होतेच, शिवाय गूगल स्कॉलरची फाइलसाठी असलेली ५ एमबीची मर्यादा पाळणं सोपं जातं. रंगीत स्कॅनची १५० एमबीची एकच फाइल मोबाइलवर कोणी उघडत नाही.

दिसायला एक, आत दोन

‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र लेखक दोन, आणि लेखकसूचीत एकाच प्राध्यापकाचं काम दोन ठिकाणी विभागलं जातं. ‘ॲ’चीही तीच गत: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. विभागात एकच पद्धत ठरवा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, तोच वापरा.

शहराच्या नावातही हेच होतं. जुन्या इंग्रजी प्रबंधांवर ‘नासिक’ असं रोमन स्पेलिंग आहे, नव्यांवर ‘नाशिक’. शीर्षक छापलंय तसंच ठेवा, विषयशीर्षकात मात्र एकच रूप लावा. विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. त्याआधीच्या प्रबंधावर ‘पुणे विद्यापीठ’ हेच बरोबर आहे, ते बदलू नका. नवं नाव वेगळ्या रकान्यात जोडा.

या दुरुस्त्या नोंदींचा तक्ता सीएसव्ही फाइलीत काढून एकगठ्ठा करता येतात, आणि इथेच होत्याचं नव्हतं होतं. फाइलवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की देवनागरीचा चुथडा होतो आणि २०१४-०५-३१ ही तारीख ३१-०५-२०१४ होऊन जतन होते. मग वर्षानुसार गाळणी बिघडते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये यूटीएफ-८ निवडून, सगळे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवून उघडा. आयडीचा रकाना हलवायचा नाही.

१२३४५६७८९

प्रबंधाच्या दुव्यात हा आकडा दिसला, तर हँडलची, म्हणजे कायमस्वरूपी दुव्याची, नोंदणी झालेली नाही, डीस्पेसचा नमुना आकडाच चालू आहे. शोधगंगेच्या दुव्यांत १०६०३ असतं, तसा स्वतःचा प्रिफिक्स (सुरुवातीचा आकडा) हवा. नाहीतर सर्व्हरचा पत्ता बदलला की लेखांत दिलेले सगळे दुवे मेले. प्रिफिक्स मिळाल्यावर ‘अपडेट-हँडल-प्रिफिक्स’ चालवून शोधाचा इंडेक्स (सूची) नव्याने बांधा. हे पहिल्या शंभर नोंदींच्या आत उरका.

रुग्णांची नावं

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकलाच. इथल्या वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग महाविद्यालयांच्या लघुप्रबंधांना शेवटी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता, जोडलेला असतो, त्यात कधी रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांकही असतो. समाजशास्त्राच्या प्रश्नावल्यांत मोबाइल नंबर असतात. त्यावर काळी पट्टी काढून भागत नाही, पट्टीखालचा मजकूर कॉपी होतो. नाव-नंबर खोडून ते पान चित्रात बदला, नवी फाइल चढवा. टेक्स्ट बंडलमधली, म्हणजे डीस्पेसने शोधासाठी काढून ठेवलेल्या मजकुराची, जुनी फाइलही आठवणीने काढा, नाहीतर खोडलेलं नाव शोधात येतच राहील. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ही.

अर्धा बॅकअप

डेटाबेस (नोंदी) आणि ॲसेटस्टोअर (चढवलेल्या फाइलींचा साठा), दोन्हींची प्रत एकाच रात्रीची हवी. नुसतं ॲसेटस्टोअर उरलं तर हातात येतात लांबलचक आकड्यांच्या नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या हजारो फाइली. कोणती कोणाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक. शोधाचा इंडेक्स पुन्हा बांधता येतो, वाचन-डाउनलोडची सांख्यिकी मात्र सोलर या डीस्पेसच्या शोधयंत्रणेतच असते. ती वेगळी निर्यात करा. एक प्रत इमारतीबाहेर ठेवा. गोदावरीचा पूर नाशिकला नवा नाही, आणि सर्व्हर बहुधा तळमजल्यावरच असतो. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर ती प्रत उभी करून कोणतेही दहा प्रबंध उघडून पाहा, आणि शोधपेटीत ‘निफाड’ टाका.