सिव्हिल हॉस्पिटल कुठल्या खात्याचं? आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात समाजकार्याची एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयात आली. विषय घेतला होता, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार महिला आणि सरकारी आरोग्यसेवा. तीन दिवस गुगल करून हाती पंधरा-वीस बातम्यांची कात्रणं लागली होती, बाकी काही नाही. मी तिला एकच विचारलं, "सिव्हिल कुठल्या खात्याचं गं?" ती म्हणाली, "आरोग्य खात्याचं."

इथेच निम्मे विद्यार्थी चुकतात. आपलं सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणून त्याचे कागद वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाकडे. मोहोळ-मंगळवेढ्याकडची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. शहरातले दवाखाने महापालिकेकडे, आणि महापालिका येते नगरविकासाच्या छत्राखाली. विडी कामगारांसाठीचे कल्याण निधीचे दवाखाने तर केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडे. त्यांचा कायदा १९७६चा. ज्या उपकरातून तो निधी उभा राहायचा, तो २०१७मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. म्हणजे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई एकच, पण तिच्या आजारपणाचे कागद चार दारांत. म्हणून शोधायला बसण्याआधी वहीचं एक पान घ्या. डावीकडे ती बाई जिथे जिथे जाते ती ठिकाणं लिहा, उजवीकडे त्या प्रत्येकाचं खातं. या पानाला एक तास गेला तरी चालेल, पुढचे आठ दिवस वाचतात.

त्याच पानाच्या मागे नावं लिहा. सरकारी योजना नाव बदलते आणि जुन्या नावाचे कागद जुन्या नावाखालीच राहतात. गरिबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. राज्यभर ती नोव्हेंबर २०१३मध्ये गेली. २०१७पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. नुसतं आजचं नाव टाकून शोधलंत, तर सोलापूर पहिल्या आठांत होता तो सगळा काळ हातचा जातो. अभ्यासाला खरा तोच मोलाचा!

शहराचंही तसंच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधी 'शोलापूर' होतं. १८८४च्या गॅझेटियरपासून १९६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या शहराच्या पाहणीपर्यंत तेच सापडतं. विडीची इंग्रजी स्पेलिंगं तीन: बी-आय-डी-आय, बी-डबल ई-डी-आय आणि बी-आय-आर-आय. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर, शोधताना तिन्ही टाका, मध्ये 'ऑर' हा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा, सगळ्याला कंस घाला, मग 'अँड' लिहून शहराची दोन्ही स्पेलिंगं तशीच द्या. त्या मुलीने माझ्यासमोर हे केलं आणि तीन दिवसांत न दिसलेले लेख पाच मिनिटांत पडद्यावर आले.

आता कपाटाकडे. ड्युई पद्धतीच्या, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावणाऱ्या, ग्रंथालयात या विषयाची पुस्तकं एका जागी नसतात. आरोग्यसेवा आणि रुग्णालयं ३६२.१ला, सार्वजनिक आरोग्य ६१४ला, आरोग्य प्रशासन ३५३.६ला. तिन्ही फळ्या पाहा. हवं ते पुस्तक सापडलं की शेजारची चार-पाचही काढून बघा.

पण आपल्या विषयाचा जीव पुस्तकांपेक्षा शासन निर्णयांत आहे. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडून, तारीख टाकून ते मिळतात. प्रत्येकाला अठरा अंकी सांकेतांक असतो, तो आधी उतरवून घ्या. मी माझ्या प्रबंधात योजनेची तारीख वर्तमानपत्रावरून लिहिली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "निर्णय पाहिलात का?" मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून निर्णय हातात घेतला की दोन जागा आधी बघते. वर 'वाचा' असं लिहून आधीच्या निर्णयांची यादी असते; तिच्या मागे मागे गेलात की धोरण कसं बदलत गेलं ते उलगडतं. आणि शेवटी 'प्रत' म्हणून ज्यांना तो पाठवला त्यांची नावं असतात. त्यात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी दिसले, की कुठल्या कार्यालयात चौकशी करायची ते कळलं. तिथे तोंडी विचारून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. वर्ष आणि नोंदवहीचं नाव लिहा.

आकड्यांसाठी जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा, तालुकावार तक्ते त्यात मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं सोलापूर जिल्ह्याचं पत्रक २०१५-१६चं आहे आणि २०१९-२१चंही. दोन्ही शेजारी ठेवा. मात्र तो आकडा अकरा तालुक्यांच्या अख्ख्या जिल्ह्याचा आहे, विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या बायकांचा नाही. तो त्यांच्या नावावर खपवू नका, मला याचा फार राग येतो. त्यांचा आकडा हवा असेल तर त्यांच्या दारात जाऊनच मोजावा लागेल.

प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ. तिथे मी आधी शेवटची पानं उघडते, कारण दुसऱ्याने पाच वर्षं खपून जमवलेली संदर्भसूची तिथे तयार असते. विकतच्या नियतकालिकांसाठी जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना सुरू आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी. खासगी महाविद्यालयात असाल तर केगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी विचारा.

एकदा तरी पुण्याला जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालात की गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात दुपारभर काम करून रात्री घरी येता येतं. त्यांनी बरेच जुने अहवाल संगणकावरही चढवले आहेत, आधी तिथे पाहून यादी करूनच गाडीत बसा.

आणि ग्रंथपालाकडे जाताना "आरोग्यावर काही आहे का?" असं विचारू नका. त्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात मला चिठ्ठी दिली ती अशी: "२०१२ ते २०१७, जीवनदायी, सोलापूर शहर, विडी कामगार, श्रम मंत्रालय आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, दोन्हींचे कागद." मी चिठ्ठी वाचली, चष्मा लावला आणि तिच्याबरोबर कपाटाकडे गेले.