गाण्यात मधेच ‘तट्’ वाजतंय? ते शोधायचं कसं

तानपुऱ्याच्या ट्रॅकवर हार्मोनियम रेकॉर्ड केली आणि ऐकायला बसलो. दोन मिनिटं सगळं स्वच्छ, मग पंचमावर ‘तट्’. मागे जाऊन ऐकलं तर तिथे काहीच नाही, पण पुढे अंतऱ्यात पुन्हा ‘तट्’. अशा वेळी आपण घाबरून एकदम पाच-सहा सेटिंग्ज बदलतो आणि मग कशाने सुधारलं, कशाने बिघडलं, काही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेलं वहीत लिहा.

आधी तो आवाज राहतो कुठे ते ठरवा. तोच तुकडा तीनदा वाजवा. दर वेळी ठरावीक जागीच ‘तट्’ येत असेल तर ते बहुधा फाइलमध्ये शिरलेलं आहे. जागा बदलत असेल तर वाजवताना कॉम्प्युटर अडखळतोय. खात्रीसाठी गाणं ऑफलाइन एक्स्पोर्ट करा (म्हणजे न वाजवता थेट फाइल बनवा) आणि ती फाइल मोबाइलवर ऐका. एक्स्पोर्ट करताना कॉम्प्युटरला घाई नसते, लागेल तेवढा वेळ घेऊन तो हिशोब पुरा करतो. तिथे स्वच्छ ऐकू आलं तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, काळजी नको.

फाइलमध्येच दोष असेल तर त्या जागी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांचं चित्र, भरपूर मोठा करून बघा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर खट् होत असेल तर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा वर येणं) द्या, तेवढ्याने काम होतं. लाटांचे माथे कापल्यासारखे सपाट दिसले तर गेन (रेकॉर्डिंगची पातळी) जास्त होता. आणि गुळगुळीत लाटेत मधेच एक सरळ उभी उडी दिसली, तर बहुतेक वेळा रेकॉर्ड होतानाच काही सॅम्पल (आवाजाचे क्षणाक्षणाचे नमुने) गळाले आहेत. ते आता कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. तेवढी ओळ पुन्हा वाजवणंच बरं.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. काही प्लगइनची डेमो आवृत्ती मुद्दाम ठरावीक वेळाने खरखर करते किंवा क्षणभर गप्प होते. तेव्हा ट्रॅकवरचे प्लगइन एकेक करून बंद करून बघा.

कॉम्प्युटरच अडखळत असेल तर पहिला संशय बफरवर घ्या, म्हणजे वाजण्याआधी आवाज थोडा साठवायच्या जागेवर. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा घास तयार झाला नाही की तडतड. ५१२ केलं की ११.६ मिलिसेकंद मिळतात. गाताना-वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४, असं मी ठेवतो. मोठ्या बफरवर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, तेव्हा साउंड कार्डवरचं (माइक जोडायच्या यूएसबी डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. जड प्लगइनचे ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा हिशोब आधीच करून ठेवा. विंडोजवर साउंड कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांच्यातला आवाजाची ये-जा जलद करणारा प्रोग्रॅम) निवडा आणि सॅम्पल रेट सगळीकडे एकच, ४४.१ तर ४४.१, आहे ना ते तपासा.

मीटरवर सीपीयू २०-३० टक्केच दिसतो आणि तरी तडतड थांबत नाही, असंही होतं. विंडोजमध्ये एखादा ड्रायव्हर क्षणभर प्रोसेसर अडवून धरतो आणि आवाज तेवढा वेळ उपाशी राहतो. वाय-फायचा ड्रायव्हर यात बऱ्याचदा सापडतो. वाय-फाय बंद करून दहा मिनिटं नुसता तानपुरा वाजवत ठेवा. तबल्याच्या बोलांत तडतड लपते, तानपुऱ्याच्या अखंड नादात ती लपूच शकत नाही. लॅटन्सीमॉन हे प्रोग्रॅम चालवलं तर कोणता ड्रायव्हर अडवतोय त्याचं नावही दिसतं. सोबत पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा.

वायरी मात्र लोक शेवटी बघतात, बघायला हव्यात लवकर. साउंड कार्ड हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, केबल बदलून पाहा. माइकच्या केबलजवळचा मोबाइल दूर ठेवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना टिक् येते का, तेही ऐका. ‘तट्’ऐवजी सतत घूं ऐकू येत असेल आणि चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे. तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून घरातलं अर्थिंग तपासून घ्या. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका, जिवावर बेतू शकतं.

माझ्या वहीत शेवटी चार नोंदी झाल्या. बफर वाढवला, ‘तट्’ कमी झालं पण गेलं नाही. केबल बदलली, फरक नाही. वाय-फाय बंद केलं आणि चाळीस मिनिटं तानपुरा एकदाही न अडखळता वाजला. चौथी नोंद ड्रायव्हर अपडेट केल्याची. त्यानंतर वाय-फाय सुरू ठेवूनही तो पंचम स्वच्छ लागतोय.