घरचा कम्प्युटर रखडतोय? या चुका टाळा

कम्प्युटर सुरू झाला की बाबा आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश करायचे. एकदा नाही, सात-आठ वेळा. तोवर आईचा चहा उकळून कपात यायचा, तरी वीजबिलाचं पान उघडलेलं नसायचं. २०१५ सालचा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. अशी मशिनं अजून कितीतरी घरांत आहेत आणि त्यांच्यावर उपायही तेच ते होतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्याने दिसतात, बस. त्याने रॅम मोकळी होत नाही की वेग वाढत नाही.

दुखणं न बघता औषध देणं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. मग रोजचं काम करत सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क या तीन रकान्यांवर पाच-दहा मिनिटं नजर ठेवा. जो आकडा सतत नव्वदीच्या वर राहतो, घोडं तिथे अडलंय.

बाबांच्या मशिनवर सीपीयू १०-१२ टक्के, मेमरी सत्तरीत आणि डिस्क मात्र १०० वर चिकटलेली. 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन पाहिलं तर पूर्ण गुंतलेली ही डिस्क वाचत होती सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी. असं का होतं ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. हार्ड डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून पुढे-मागे सरकत माहिती शोधते. कम्प्युटर सुरू होताना वीसेक प्रोग्रॅम एकदमच काही ना काही मागतात. मग डिस्कचा बहुतेक वेळ वाचण्यापेक्षा या येरझाऱ्यांतच जातो. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत माहिती चिपवर साठते, तिच्यात फिरणारा, सरकणारा भागच नसतो.

लगेच फॉरमॅट मारणं

मी पोहोचण्याआधी एका दुकानदाराने तेच केलं होतं, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकलं होतं. मशीन दोन आठवडे बरं चाललं, मग पुन्हा होतं तसंच, कारण हार्ड डिस्क तीच होती. आणि आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो गेले. 'डी ड्राइव्हला हात लावलेला नाही,' असं त्याने सांगितलं आणि ते खरंही होतं. पण फोटोंचा फोल्डर डेस्कटॉपवर होता, आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं प्रत्यक्षात सी ड्राइव्हवर असतं. हे बाबांना माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. म्हणून मशीन दुकानात देण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याच. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल कॉपी होताना मध्येच अडकत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी हे करा.

दिसेल ते पुसणं

रनमध्ये जाऊन 'टेम्प' आणि 'प्रीफेच' रिकामं करायची सवय अनेकांना असते. टेम्पमधल्या फाइली पुसायला हरकत नाही, जागा मोकळी होते. प्रीफेचला मात्र हात लावू नका. कुठला प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फाइली लागतात याची नोंद विंडोज तिथे ठेवतं. ती पुसली तर पुन्हा तयार होईपर्यंत प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतात. सी ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा मोकळी असू द्या. ती करताना सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत डाउनलोड्ससमोर टिक नाही ना, हे पाहून मगच बटण दाबा.

वेग वाढवून देणारे बूस्टर आणि रजिस्ट्री क्लीनर टाकू नका. ते स्वतःच दिवसभर मागे चालू राहतात. एका वेळी दोन अँटिव्हायरसही नकोत. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. टास्क मॅनेजरच्याच 'स्टार्टअप'मध्ये जाऊन नको असलेले प्रोग्रॅम डिसेबल करा, हे काम फुकटात होतं.

आणखी एक. शटडाउन केलं म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू होतं, असं नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करा.

सुरुवातीला बरा चालणारा कम्प्युटर अर्ध्या तासाने मंदावत असेल तर धुळीचा संशय घ्या. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो. ओलं फडकं नको.

खर्च चुकीच्या जागी करणं

मेमरी भरलेली असेल तर रॅम घ्या, डिस्क अडकत असेल तर एसएसडी. घरच्या कामाला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरे. रॅमचे डीडीआर३, डीडीआर४ असे प्रकार असतात. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळी असते, तेव्हा रॅमचं आधीचं कार्ड काढून सोबत न्या. एसएसडी घेऊन तिच्यावर नुसते फोटो ठेवले आणि विंडोज जुन्या डिस्कवरच राहिलं, तर काहीच फरक पडत नाही. विंडोज एसएसडीवर गेलं पाहिजे. क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली, तर प्रोग्रॅम आणि फाइली जशाच्या तशा येतात, फॉरमॅटची गरज राहत नाही. एसएसडी डीफ्रॅग करू नका (म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावू नका), तिची निगा विंडोज आपोआप राखतं.

बाबांच्या मशिनमध्ये एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम बसवली. आता एका मिनिटाच्या आत ब्राउझर उघडतो.

मात्र त्यात विंडोज १० होतं, त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या काळच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये नसते. बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर याचा विचार पैसे घालण्याआधी करा. आम्ही बाबांच्या मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. वीजबिल, बातम्या आणि नातवाचे व्हिडिओ त्यावर नीट चालतात.