‘वेल्ड कोणी मारलं?’ – आर अँड डीमधे नवीन प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्यांसाठी

मी पुण्याजवळ सायलेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होतो, तिथून प्रोजेक्ट मॅनेजर झालो तो नेमका बीएस-६ च्या, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांच्या, धांदलीत. २०१६ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केलं की बीएस-५ गाळून थेट बीएस-६, तारीख १ एप्रिल २०२०, वर २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यानंतर बीएस-४ गाडी विकायचीच नाही. म्हणजे ‘सर, महिनाभर वाढवून घेऊ’ हा आमचा हक्काचा उपाय गेला.

त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) वाढल्याने सायलेन्सर जड झाला, तो धरून ठेवणारं ब्रॅकेट मात्र जवळपास जुनंच. एकदा सकाळी टेस्ट टेक्निशियनने मला व्हायब्रेशन रिगवर, म्हणजे पार्ट तुटेपर्यंत तासन्‌तास हलवून बघतात त्या यंत्रापाशी, बोलावलं. क्रॅक दिसावा म्हणून ब्रॅकेटवर लाल डाय (रंग) मारून पुसला होता, वर पांढऱ्या डेव्हलपरचा थर, आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटत होती. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? ‘वेल्ड कोणी मारलं?’

झालं. पुढचा क्रॅक मला दोन आठवडे उशिरा कळला, कारण पोरांनी आधी आपापसात ‘नक्की आपली चूक नाही ना’ हे तपासून घेतलं, आणि तोपर्यंत टूलिंगची (पार्ट बनवायच्या साच्यांची) ऑर्डर गेलेली. आमचे जुने साहेब ओरडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, ‘किती तासांना गेला?’ मला तेव्हा राग आला, नंतर कळलं की विचारायचा प्रश्न तोच होता. तासांवरून डिझाईनचं कारण शोधता येतं, नावावरून फक्त भांडण होतं.

तर माझ्या मते या कामात सगळ्यात आधी हे लागतं, वाईट बातमी ऐकून चेहरा न बदलणं. हुशारी, एक्सेल, प्रेझेंटेशन वगैरे चालतंच, ते कोणीही शिकतं. टेक्निकल नॉलेज लागतं पण डिझायनरपेक्षा जास्त नको, नाहीतर तुम्ही त्याचं ड्रॉइंग स्वतःच काढत बसाल (मी बसलोय).

दुसरं, तारीख सांगायची हिंमत. मार्केटिंगवाला ‘कधी होईल’ विचारतो तेव्हा एकच तारीख देऊ नका. सगळं जमलं तर, नेहमीसारखं झालं तर आणि पूर्ण बोंबललं तर, अशा तीन द्या. पर्ट नावाच्या पद्धतीत हेच आहे, मधल्या अंदाजाला चारपट वजन, बाकी दोघांना एकेक, बेरजेला सहाने भागायचं. अमेरिकन नौदलाने १९५८ च्या सुमाराला पोलॅरिस मिसाईलसाठी ती काढली, कारण जे आधी कोणी केलंच नाही त्याला किती दिवस लागतील हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मग आपण कुठले मोठे शहाणे. मार्केटिंगवाला तरी पहिलीच तारीख लिहून घेतो हा भाग वेगळा, म्हणून मेलवर तिन्ही टाका.

आणि शिफ्ट बदलताना, सात वाजता, रिगपाशी जाऊन उभे राहा. वही नको, चहा घेऊन जा. रिव्ह्यू मीटिंगमधे जे ‘ग्रीन’, म्हणजे सगळं ठीक, असतं त्याचा खरा रंग तिथे कळतो. मला तिथलं बोलणं परत सुरू व्हायला तीन-चार महिने लागले. मग एकदा रात्री साडेअकराला त्याच टेक्निशियनचा व्हॉट्सअ‍ॅप आला, ‘साहेब १८० तासांना गेला’, आणि फोटोत क्रॅकच्या शेजारी, लांबी कळावी म्हणून, त्याने एक रुपयाचं नाणं ठेवलेलं.